माझ्या पोटातले गॅसखाऊ भाडेकरू

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. आहे म्हणतो खरा, पण टँकरला चाकं असतात आणि माझी चाकं कधीच गेली. आता मी कवठे महांकाळ तालुक्यातल्या मेंढपाळांच्या एका वस्तीवर, विहिरीच्या शेजारी, दगडी ओट्यावर बसून असतो. येणारेजाणारे मला 'जंतूंची टाकी' म्हणतात. हे नाव मला मुळीच आवडलेलं नाही. पण मित्रांनो, बोलणाऱ्याचं तोंड कोणी धरायचं?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्यासारखं आयुष्य तुमच्या वाट्याला आलं असतं तर तुम्हीही असेच झाला असता. माझा जन्म कुपवाडच्या एका शेडमध्ये झाला. पत्रे वाकवून, सांधे वेल्डिंग करून मला हे गोल पोट दिलं. वेल्डरनं पाणी भरून एकेक सांधा तपासला. तरी मालक पुन्हा आला आणि प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवून गेला. म्हणजे जन्मल्या दिवसापासून माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता. मग मला निळा रंग दिला, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी' असं लिहिलं, ट्रकवर चढवलं आणि जतकडं पाठवलं.

जतच्या त्या उन्हाळ्यांची आठवण आली की आजही मला बरं वाटतं. मी दिसलो की पोरं 'नीर बंतू, नीर बंतू', म्हणजे 'पाणी आलं', असं कानडीत ओरडत धूळ उडवत मागं धावायची. बायका हंडे, घागरी, डबे घेऊन गोळा व्हायच्या. कुणी माझ्या पत्र्याला हात लावून पाया पडायचं. कौतुक तर असं, की लग्नातल्या नवरदेवाचं होणार नाही. पण त्या गर्दीत एखादी म्हातारी हमखास असायची. ती आधी ओंजळीत पाणी घ्यायची, वास घ्यायची आणि डोळे बारीक करून ड्रायव्हरकडं बघायची. "कुठल्या हिरीचं हाय रं ह्ये?" असं विचारायची. ड्रायव्हर म्हणायचा, "एक नंबर पानी हाय आज्जी!" पाणी विहिरीचं असो की बेडकांच्या तळ्याचं, त्याचं उत्तर ठरलेलं. मी सगळं पोटात ठेवून होतो. तिथंच मला कळलं, की पाणी स्वच्छ दिसतं म्हणून आणि माणूस गोड बोलतो म्हणून विश्वास ठेवायचा नसतो.

पुढं माझा तळ गंजला. गळायला लागल्यावर सगळं कौतुक आटलं. मला ट्रकवरून उतरवून पुन्हा कुपवाडला, एका वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत टाकून दिलं. पाठीवरची अक्षरं उडाली. एका कुत्रीनं माझ्या पोटात पिलं घातली. ती पिलं मोठी होऊन गेली, पण माझी चौकशी करायला कोणी आलं नाही. कामगार गाड्या लावताना माझ्यावर पान थुंकायचे. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी वर्कशॉपचा नवा मालक माझ्याजवळ आला. त्याचं नाव दिग्विजय. मूळ गाव कऱ्हाडकडचं, घरचा ऊस, पण तो फौजेत गेला होता. वडील वारल्यावर निवृत्ती घेऊन त्यांचं वर्कशॉप सांभाळायला आला होता. त्यानं माझ्यावर टकटक केलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "चलेगा. पॅच मारला की फर्स्टक्लास होईल." मला वाटलं, हा मला भंगारात घालणार. त्यानं माझा तळ बदलला, आतून रंग दिला, तरी माझा संशय गेला नाही. बकऱ्यालाही आधी चारा घालतातच की.

त्यानं मला इथं आणून उतरवलं, तेव्हा ओट्यापाशी दोन म्हातारी माणसं उभी होती. विहीर त्यांचीच. हरिबा आणि त्यांची बायको हरणाबाई. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. हरिबांच्या तोंडात विझलेली बिडी होती. हरणाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दिग्विजयकडं वळून म्हणाल्या, "बापानं इख वतलं, आन् पोरगं डबा घिऊन आलंय."

ते विष कसलं, तेही मला तिथंच समजलं. वस्तीच्या वरच्या अंगाला दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. दिग्विजयच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये मशीनच्या भागांवरचं ग्रीस काढायला एक केमिकल वापरायचे. ते पाण्यासारखं दिसतं आणि त्याला गोडसर वास येतो. वापरून झालेलं केमिकल पिंपात भरून एका गाडीवाल्याकडं द्यायचे. गाडीवाला ते कुठं नेतो, हे वडिलांनी कधी विचारलं नाही. तो ते या खाणीत आणून ओतत होता. ते मुरुमातून झिरपत झिरपत हरणाबाईंच्या विहिरीत उतरलं. पाण्याला गोड वास यायला लागला. गाभण मेंढ्या गाभडायला लागल्या. पाण्यामुळंच की आणखी कशामुळं, हे खात्रीनं कोणी सांगू शकलं नाही. हरणाबाईंनी आधी मेंढरांची दृष्ट काढली. मग एकदा स्वतः पाण्याचा वास घेतला आणि थेट कवठ्याला जाऊन पाणी तपासायला दिलं.

तपासणीनंतर पंचायतीनं सांगितलं, की पाणी सुधारलं नाही तर विहीर बुजवावी लागेल, पोराबाळांच्या जिवाला धोका नको. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण वस्तीला सरकारी टँकर येतो तो माणसं मोजून. मेंढरांना कोण मोजतं? ही विहीर बुजली असती तर कळप विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एक व्यापारी तर येऊन मेंढ्यांच्या पाठी चाचपून गेला होता.

दिग्विजयला हे कळलं तेव्हा त्यानं खाणीतली पिंपं उचलून नेली. पण मुरुमात मुरलेलं तसंच होतं. मग तो सांगलीच्या एका कॉलेजातल्या प्रांजल मॅडमना घेऊन आला. या प्रांजल मॅडम मूळच्या जतच्या. कदाचित लहानपणी माझंच पाणी प्यायल्या असतील, पण तशी ओळख काही त्यांनी दाखवली नाही. उलट आल्या आल्या त्यांनी माझा पितळी कॉक काढायला लावला आणि त्या जागी प्लास्टिकचा बसवला. पितळेला भंगारात चांगला भाव येतो, हे मला ठाऊक होतं. मी मनात म्हटलं, बाई दिसते साधी, पण हात चलाख आहे!

मग माझं पोट खडीनं भरलं. विहिरीचं पाणी पंपानं वर घ्यायचं, माझ्या पोटातल्या खडीवरून हळूहळू झिरपवायचं आणि खालच्या नळानं पुन्हा विहिरीत सोडायचं, अशी योजना होती. इथवर ठीक होतं. पण नंतर मॅडमनी एक बादली काढली. तिच्यात पाटणकडच्या भातखाचरातला काळा चिखल होता.

"ह्यो काय गाळ वतताय?" हरिबा ओरडले. "घाण टाकून कवा पानी निवळतंय व्हय?"

"आबा, या चिखलात जंतू आहेत," मॅडम म्हणाल्या. "ते मिथेन खातात. मिथेन म्हणजे तुमच्या गोबरगॅसमध्ये असतो तोच गॅस. तो खायला त्यांच्याकडं एक पाचक रस असतो. त्या रसानं ते गॅसबरोबर हे केमिकलही तोडून टाकतात."

"म्हंजे आमच्या चुलीचा ग्यास किड्यास्नी घालायचा?" हे बोलली मंगल, हरणाबाईंची सून. घरात दोन म्हशी आणि एक गोबरगॅस होता आणि त्याच्यावर तिची चूल चालायची. शेवटी असं ठरलं, की स्वयंपाकाच्या वेळी गॅस चुलीकडं आणि बाकीच्या वेळी एका नळीतून, हवेत बेतानं मिसळून, माझ्या पोटात सोडायचा. माझ्याजवळ बिडी पेटवायला सक्त मनाई झाली. आपल्याच रानात आपल्याला बिडीबंदी, म्हणून हरिबा चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. मॅडमनी आणखी एक नियम केला. माझं झाकण कोणी उघडायचं नाही. का उघडायचं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

अशा रीतीनं माझ्या पोटात भाडेकरू आले. डोळ्यांना दिसत नाहीत, आवाज करत नाहीत. खडीवर त्यांचा बुळबुळीत थर चढायला लागला. मित्रांनो, खरं सांगू? मला त्यांची किळस आली आणि भीतीही वाटली. शिवाय एक गोष्ट मला काही केल्या पटेना. मॅडम म्हणत होत्या, की ते केमिकल जंतूंच्या पोटात जात नाही, त्यातून त्यांना काही मिळत नाही, गॅस खाता खाता ते आपोआप तुटतं. मी इतकी वर्षं माणसांत काढली आहेत. फुकटात दुसऱ्याचं काम करणारा मला अजून भेटायचा आहे. मी त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला.

पण पाण्याचा गोड वास कमी व्हायला लागला. मॅडम नळाखाली काचेची बाटली काठोकाठ भरून न्यायच्या आणि काही दिवसांनी निकाल घेऊन यायच्या. पुढं एकदा त्या जवळजवळ पळतच आल्या. विष निम्म्याहून खाली आलं होतं. मंगलनं त्यांना चहा दिला. हरिबांनी दिग्विजयला पहिल्यांदाच "कसं काय, फौजी?" असं विचारलं. मी मात्र हुरळलो नाही. ड्रायव्हरचं 'एक नंबर पानी' माझ्या कानांतून गेलं नव्हतं.

न हुरळलेलं आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे हरणाबाई. मंगलनं स्वयंपाकासाठी गॅस चुलीकडं वळवला होता, मॅडम परत गेल्या होत्या. हरणाबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन माझ्याजवळ आल्या. नवं पाणी लागलं की आमच्याकडं पाण्याची पूजा करतात. त्यांनी माझ्या पोटावर हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. मग इकडंतिकडं पाहिलं, माझ्या झाकणाचे नट सोडवले आणि पदराखालून तांब्याचा एक तांब्या काढला. त्यांच्या आईनं लग्नात दिलेला. घासून लख्ख केलेला. त्याच्या गळ्याला सुतळी बांधून त्यांनी तो आतल्या हुकाला अडकवला, पाण्यात बुडेल असा. आणि माझ्या पत्र्याला हात लावून हळूच म्हणाल्या, "पोटात जंतू हायती न्हवं तुज्या. मंग तांबं असू दे बाबा. माजी मुकी जनावरं हायती."

तुमच्याही घरात पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवत असतील. तांबं जंतू मारतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हरणाबाईंचा हिशेब सरळ होता. जंतूंनी आपलं काम करावं आणि त्यातला एखादा चुकार जंतू पाण्यातून निसटलाच तर तांब्यानं त्याला तिथंच संपवावं. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आपल्यासारखंच संशयी माणूस भेटलं म्हणून मला फार आनंद झाला. आता माझ्या पोटात जंतूंवर पहारा करायला एक जाणता सोबती होता. मी निश्चिंत झालो.

त्यानंतरचा निकाल आला तो वाईट. त्याच्या पुढचा त्याहून वाईट. माझ्या वरच्या नळानं जेवढं विष आत यायचं, जवळजवळ तेवढंच खालच्या नळानं बाहेर जायला लागलं. खाणीकडून तर झिरपा चालूच होता. विहिरीला पुन्हा गोड वास सुटला. मॅडमनी पंप तपासला, गॅस तपासला, हवा तपासली. सगळं जागच्या जागी. नळातून आलेला थर सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली धरून त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "जंतू तर मस्त धष्टपुष्ट आहेत. गॅसही पोटभर खातायत. मग काम का करत नाहीत?"

मी मनात म्हटलं, बघा! खायला पुढं आणि कामाला मागं. मी आधीच ओळखलं होतं.

हरिबांचा संशय मात्र जंतूंवर गेला नाही. दिग्विजय आला तेव्हा ते काठी टेकत त्याच्यासमोर उभे राहिले.

"खरं सांग. पुन्यांदा आनून वतलंस न्हवं खानीत?"

"आबा, मी फौजेतला माणूस आहे," दिग्विजय म्हणाला. "असलं काम करायचं असतं तर इथं आलोच कशाला असतो?"

"त्येच तर म्या इचारतोय! कशाला आलास? फुकाट कोन येतंय रं गड्या? ही हीर बुजली की खान आन् रान सस्तात इकत घेनार असशील."

दिग्विजयचं तोंड लाल झालं. प्रांजल मॅडमनी त्याची बाजू घ्यायला हवी होती, पण त्या खाली बघत राहिल्या. त्यांनाही दुसरं कारण सापडत नव्हतं. मंगल चुलीवरून ओरडली, "आमचा ग्यास बी गेला आन् पानी बी!" मला हरिबांचं बोलणं अगदी खरं वाटलं. त्या दिवशी वस्तीवर प्रत्येकजण दुसऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघत होता. बघण्यासारखी गोष्ट माझ्या पोटात लटकत होती आणि तिच्यावर कुणाचीच शंका नव्हती. माझीसुद्धा नाही.

पंचायतीनं आता थांबायचं नाही असं ठरवलं. सरपंच नानासो स्वतः आले. मुरुमाचा ढीग विहिरीशेजारी येऊन पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा जेसीबी घरघरत आला. मेंढ्यांचा व्यापारीही बांधावर येऊन बसला होता, जणू त्याला आमंत्रणच होतं. हरणाबाई विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. ही विहीर त्यांच्या सासऱ्यांनी सुरुंग लावून, दगड फोडून खणलेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला हातपाय असते तर मी त्या जेसीबीसमोर आडवा पडलो असतो.

"नानासो, थोडा वेळ द्या," मॅडम म्हणाल्या. "निदान जंतू का बिघडले एवढं तरी बघू द्या." त्यांनी गॅस बंद करवला, माझं झाकण उघडलं आणि खडी काढायला हात आत घातला. हाताला सुतळी लागली. त्यांनी ती ओढली. बुळबुळीत थरानं माखलेला, गळ्यापाशी हिरवा पडलेला तांब्या वर आला.

मॅडम एकदम पांढऱ्या पडल्या. "हा कुणी टाकला?"

हरिबांनी दिग्विजयकडं पाहिलं. दिग्विजयनं नानासोंकडं पाहिलं. नानासोंनी व्यापाऱ्याकडं पाहिलं.

"माजा हाय त्यो," हरणाबाई म्हणाल्या. "माज्या आईचा."

"आजी, तुम्ही? का?"

"का म्हंजी? जंतू हायती म्हनलीस आत. मंग तांबं नको व्हय? तुजी आई कशात ठेवती पानी?"

"तांब्याच्याच हंड्यात ठेवते," मॅडम म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मीही कान देऊन ऐकलं. या जंतूंकडं गॅस कापायच्या दोन सुऱ्या असतात म्हणे. तांबं मिळालं नाही तर ते एक सुरी वापरतात आणि तिनं गॅसबरोबर हे विषही चांगलं कापलं जातं. पण पाण्यात चिमूटभर जरी तांबं उतरलं तरी ते ती सुरी ठेवून देतात आणि दुसरी काढतात. दुसऱ्या सुरीनं गॅस छान कापला जातो, विषाचं मात्र फारसं काही होत नाही. म्हणून जंतू धष्टपुष्ट होते आणि विष तसंच राहत होतं.

"म्हणूनच तर मी टाकीचा पितळी कॉक काढला होता," मॅडम म्हणाल्या. "पितळेतही तांबं असतं."

"मंग ह्ये आदी का न्हाई सांगितलंस?"

"वाटलं, तुम्हाला कशाला एवढं सगळं सांगत बसायचं," मॅडम म्हणाल्या.

हरणाबाई भडकल्या. "झाकान उघडू नगा म्हनलीस. का उघडू नगा, त्ये पोटात ठेवलंस. आमी मेंढरं राखतो पोरी, आमी मेंढरं न्हाई."

मॅडमनी हात जोडले. "चुकलं माझं, आजी."

"माजं बी चुकलं," हरणाबाई लगेच म्हणाल्या. "म्या बी कुटं इचारलं तुला?"

हरिबांनी घोंगडी झटकली, बाजेवर अंथरली आणि दिग्विजयला म्हणाले, "बस रं." आमच्याकडची म्हातारी माणसं माफी मागतात ती अशीच. दिग्विजय बसला.

नानासोंची अडचण मात्र सुटली नव्हती. "तांब्या निघाला त्ये बरं झालं," ते म्हणाले. "पर पानी आज इखारीच हाय. ह्ये जंतू पुन्यांदा कामाला लागतील ह्येचा भरवसा कोन देनार?"

"भरवसा नाही देता येत," मॅडम म्हणाल्या. "टाकी धुऊन पुन्हा नवीन चिखल घालावा लागेल. मला वाटतं, होईल. पण शब्द देऊ शकत नाही."

मित्रांनो, हे ऐकून मी चमकलो. आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याबद्दल कुणीतरी 'एक नंबर' न म्हणता खरं बोललं होतं. हरणाबाईही तेच ऐकत होत्या. त्या मेंढवाड्याकडं गेल्या आणि मेंढरं हाकत घेऊन आल्या. मंगलच्या डोक्यावर वाघर होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. सासूसुनेनं भराभर मेखा ठोकल्या आणि विहीर, मी आणि मुरुमाचा ढीग या सगळ्यांना वेढून वाघर लावली. मेंढरं ढिगावर चढून ऐसपैस बसली. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. लावलेली वाघर कळपाच्या धन्याशिवाय दुसऱ्या कोणी काढायची नसते, हे आमच्या भागात जेसीबीवालाही जाणतो.

"ह्ये काय, हरणाबाई?" नानासो म्हणाले.

"मेंढरं बसवली, नानासो. दरसाल तुमच्या बी रानात बसवतो न्हवं खतापायी? तवा तुमी कवा म्हनला का, उठवा म्हनून?"

नानासोंना हसू आवरेना. त्यांनी पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं कबूल केलं. व्यापारी धोतर झटकत उठून गेला. मला इतका आनंद झाला, की माझा पत्रा उन्हात कडाडला.

मला आतून धुतलं. मुरुमाचा ढीग तिथंच राहिला आणि नवा चिखल, नवे भाडेकरू आले. दिग्विजय रोज कुपवाडहून दुसऱ्या टँकरनं मेंढरांसाठी पाणी आणायचा. तो नवा टँकर चकचकीत, स्टीलचा, माझ्याकडं ढुंकूनही न बघणारा. मला त्याचा राग यायचा, पण मेंढरं पाणी प्यायची तेव्हा तो राग गिळून टाकायचो. आता मॅडम आल्या की हरणाबाईंना शेजारी बसवायच्या आणि प्रत्येक गोष्ट का करायची ते सांगायच्या. हरणाबाई प्रश्न विचारून विचारून त्यांना दमवायच्या. मीही माझ्या भाडेकरूंकडं नव्यानं पाहायला शिकत होतो. त्यांच्याबद्दल प्रेम वाटायला लागलं असं म्हणणार नाही. पण आपण त्यांच्यावर आळ घेतला होता, याचं मला वाईट वाटत होतं.

निकाल घेऊन मॅडम आल्या तेव्हा सगळे विहिरीवर जमले. "तपासणीच्या मशिनला केमिकल सापडत नाही," त्या म्हणाल्या.

"मशिनला सापडत न्हाई," हरणाबाई म्हणाल्या. "बरं."

त्यांनी विहिरीतून घागर शेंदली. लोटाभर पाणी घेतलं, वास घेतला. मेंढरं वाघरीला तोंडं लावून उभी होती. मॅडमनी हात पुढं केला. "आणा आजी, आधी मी पिते."

"तुजं न्हवं ह्ये काम," असं म्हणून हरणाबाईंनी लोटा दिग्विजयपुढं धरला. "तुज्या बापाचं हाय. आदी तू."

दिग्विजयनं दोन्ही हातांत लोटा घेतला. त्यानं डोळे मिटले आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग लोटा खाली ठेवून तो हरणाबाईंच्या पाया पडला.

"उठ," त्या म्हणाल्या. "आता जेवूनच जायाचं. मंगल, भाकरी टाक."

दिग्विजयला वाटलं, आपल्याला आपलं मानलं. मंगल मात्र पदराआड हसली, कारण तिला सासू माहीत होती. हरणाबाईंनी त्याला उन्हं कलेपर्यंत बाजेवर बसवून ठेवलं, दोनदा जेवायला घातलं आणि त्याच्या तोंडावरून नजर हलवली नाही. तो चांगला धडधाकट आहे याची खात्री पटली, तेव्हा त्या स्वतः लोटाभर पाणी प्यायल्या. आणि मग त्यांनी वाघर सोडली. मेंढरं पाण्याच्या दगडी कुंडीवर तुटून पडली. त्यांचा पाणी पिण्याचा तो आवाज ऐकून मला रडू आलं. टँकरला रडू येतं का असं विचारू नका. माझा खालचा नळ त्या दिवशी बराच वेळ ठिबकत होता.

मित्रांनो, खाणीतला मुरुम अजून पुरता शुद्ध झालेला नाही, म्हणून मी आणि माझे भाडेकरू अजून कामावर आहोत. माझ्या सांध्यांना पुन्हा गंज धरतो आहे, या दिवाळीला रंगाचा एक हात मिळाला तर बरं होईल. स्वभाव माझा आजही संशयीच आहे आणि तो बदलायची माझी इच्छा नाही. तुम्हीही संशय जरूर घ्या. पण झाकण उघडायच्या आधी तोंड उघडा. ज्याला विचारायचं त्याला समोर बसवून विचारा. आणि काही टाकून द्यायची वेळ आली, मग ते विष असो की भक्तीनं वाहिलेलं काही, तर ते कुठं जाणार आहे एवढं बघा. पाणी बिचारं काहीच नाकारत नाही. जे द्याल ते पोटात घेतं आणि कुणाच्या तरी दारात नेऊन पोचवतं.

म्हणून पाणी चांगलं आहे का, हे मला विचारायला याल तेव्हा आधी एवढंच सांगा, की तुम्ही त्यात काय टाकलंत?